रॅम स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालेलच असं नाही

व्हिडिओत स्क्रू उघडून रॅम बदलून दाखवता येते, पण व्होल्टेजचा मुद्दा कॅमेऱ्यासमोर नीट मांडता येत नाही. म्हणून तो इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या कोटेशनवर नुसतं ‘८ जीबी रॅम’ लिहिलंय, ते पास करू नका. आणि तुमचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान असेल, तर असं कोटेशन गिऱ्हाइकाला देऊही नका.

का ते बघा. समजा तुमच्या मेडिकलमध्ये चौथ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा जुना लॅपटॉप आहे. बिलिंग होतं, टॅली चालते, फक्त ४ जीबी रॅम कमी पडते. कोणीतरी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड डीडीआर-३ स्टिक आणून देतो. ती स्लॉटमध्ये छान बसते, दोन्ही बाजूच्या क्लिपा लागतात. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच. मग निदान होतं, ‘बोर्ड गेला.’ खरं तर बोर्ड ठणठणीत असतो. त्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल लागते आणि आणलेली स्टिक १.५ व्होल्टची आहे. एका ‘एल’पायी चांगलं मशीन भंगारात जातं आणि मालक नव्या लॅपटॉपचे हप्ते भरत बसतो.

हा घोळ नेमका इथेच का होतो? प्रत्येक पिढीत रॅमचं व्होल्टेज खाली आलंय. डीडीआर-२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर-३ ला १.५, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१. चुकीची पिढी बसू नये म्हणून स्टिकच्या खालच्या कडेवरची खाच दर वेळी सरकवलेली असते. डीडीआर-४ तुम्ही डीडीआर-३ च्या स्लॉटात घालायला गेलात तर जाणारच नाही. पण डीडीआर-३ आणि डीडीआर-३एल यांची खाच एकाच जागी आहे. डेस्कटॉपला दोन्हींच्या २४० पिना, लॅपटॉपला २०४. म्हणजे हाताला फरक कळतच नाही. ज्यांना ‘बसली म्हणजे बरोबर’ अशी सवय लागलीय, ते इथे हमखास फसतात.

बरं, हा रस्ता एकतर्फी आहे, हे लक्षात ठेवा. डीडीआर-३एल स्टिक १.५ व्होल्टवरही चालावी असंच तिचं मानक आहे. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉपमध्ये ती टाकली तर व्होल्टेजची अडचण येत नाही. उलट्या दिशेने तसं नाही. साधी डीडीआर-३ स्टिक १.३५ व्होल्टवर चालेल अशी कोणाचीच हमी नसते. म्हणून डीडीआर-३ च्या जमान्यातलं मशीन असेल आणि शंका असेल, तर ‘एल’वालीच घ्या. ‘वीज वाचते’ म्हणून मात्र घेऊ नका. एका कॉम्प्युटरच्या लाइटबिलात तो फरक दिसणारसुद्धा नाही.

नुसती काळी स्क्रीन आली तर मी म्हणेन नशीब. निदान लगेच कळलं. खरा धोका चालण्यात आहे. सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसाठी, म्हणजे २०१५ नंतर, काही कंपन्यांनी डीडीआर-३ स्लॉटचे एच११० बोर्ड काढले. त्या प्रोसेसरसाठी इंटेलने डीडीआर-४ किंवा १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल एवढंच मान्य केलंय. तिथे कोणी जुन्या मशीनमधली १.५ व्होल्टची स्टिक टाकतो आणि विंडोज सुरूही होतं. पण रॅमशी बोलणारा कंट्रोलर आता बोर्डावर नसतो, तो प्रोसेसरच्या आतच असतो. जास्तीचं व्होल्टेज रोज सोसतो तो प्रोसेसर. चारशे-पाचशे रुपये वाचवायला सगळ्यात महाग भाग पणाला लावायचा, हा कुठला हिशोब?

दोन प्रकारच्या स्टिक एकत्र लावल्या तर? सगळ्या स्लॉटना एकच व्होल्टेज जातं. बोर्डाला दोन्ही जमत असतील तर सहसा सगळ्यांना १.५ मिळतं. फक्त १.३५ देणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी स्टिक एकतर उठतच नाही, नाहीतर अधूनमधून गडबडते. आणि हे अधूनमधून फार वाईट. वीस तारखेला जीएसटीआर-३बी भरायचाय आणि निळी स्क्रीन येते. टॅलीचा डेटा बिघडतो, शिव्या सॉफ्टवेअरला पडतात.

‘मी कितीतरी मशीनमध्ये टाकली, सगळी चालली,’ असं अनुभवी मेकॅनिक सांगतात. चालली असणारच. जुने डेस्कटॉप मुळात १.५ व्होल्टचेच होते! तो अनुभव लॅपटॉपला लावू नका. बायोसमध्ये जाऊन व्होल्टेज वाढवून रॅम ‘उठवणारे’ही असतात. गेम खेळणाऱ्याने घरी खुशाल करावं. धंद्याच्या मशीनवर मी कोणाला करू देणार नाही.

ओळखायचं कसं, तर लेबल वाचून. ‘पीसी३एल’ म्हणजे १.३५ व्होल्ट, नुसतं ‘पीसी३’ म्हणजे १.५. किंग्स्टनच्या नंबरात ‘केव्हीआर१६एलएस११’ असेल तर मधला ‘एल’ कमी व्होल्टेजचा. ‘केव्हीआर१६एस११’ ही साधी. सॅमसंगच्या १६०० वेगाच्या स्टिकवर शेवटी ‘वायके०’ असेल तर १.३५, ‘सीके०’ असेल तर १.५. लेबल खरवडलेलं असेल तर घेऊच नका. आत आधीच असलेल्या स्टिकची माहिती सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरच्या ‘एसपीडी’ टॅबमध्ये व्होल्टेजसकट दिसते. तिथे वेग निम्मा दिसतो, १६०० च्या जागी ८००. घाबरू नका, दोन्ही एकच.

डीडीआर-४ वाल्यांनाही एक सांगतो. १.३५ व्होल्टची, ३६०० वेगाची रंगीत दिव्यांची रॅम दुकानदार गळ्यात मारतो. एच४१० बोर्डावर आय-५ १०४०० असेल तर ती २६६६ च्या पुढे जाणार नाही. जादाचे पैसे दिव्यांचे.

तर कोटेशनवर ओळ अशी लिहून घ्या: ‘८ जीबी, डीडीआर-३एल, १.३५ व्होल्ट, १६००, लॅपटॉप’, पुढे कंपनी आणि पार्ट नंबर. ‘तुमच्या मॉडेलला न चालल्यास परत’ हेही त्याच ओळीखाली. दुकानदाराने कुरकुर केली तर दुसरं दुकान बघा.