बीव्हरला त्याचा ओढा परत द्या

इंग्लंडमधून सुमारे चारशे वर्षांपूर्वी नामशेष झालेला बीव्हर आता तिथल्या नद्यांत परवाना काढून रीतसर सोडता येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने तशी मुभा दिली आणि मार्चमध्ये डॉर्सेट परगण्यातल्या पर्बेक भागात दोन जोड्या मोकळ्या सोडल्या गेल्या. बातमी वाचून कुणालाही वाटेल की हा वन्यजीवप्रेमींच्या हौसेचा मामला आहे. पण बीव्हरला परत आणण्याचे सर्वांत भक्कम कारण पाणी हे आहे, आणि त्या हिशेबाने इंग्लंडने उशीरच केला.

बीव्हर हा उंदीर-खारींच्या गणातला, वीसेक किलो वजनाचा प्राणी. जमिनीवर तो मंद, लांडग्याच्या तावडीत सहज सापडणारा. पाण्यात मात्र त्याला गाठणे अवघड. म्हणून घराचे दार पाण्याखाली राहील इतके खोल पाणी त्याला लागते, आणि ते नसेल तर तो ते तयार करतो. झाड कुरतडून पाडायचे, साल खाऊन उरलेल्या फांद्या प्रवाहात आडव्या रचायच्या, त्यावर दगड ठेवायचे आणि पुढच्या पंजांनी छातीशी धरून आणलेल्या चिखलाने फटी लिंपायच्या, असा त्याचा उद्योग. पाण्याचा खळखळाट ऐकला की तो बंद केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. स्वीडनमधल्या प्रयोगांत तो आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवला, तर तिथेही तो काटक्या रचू लागला! असा बांध कधीच पक्का नसतो. तो झिरपतो, वरून वाहतो, बाजूने फुटतो. पाणी काठाबाहेर पसरते, जमिनीत मुरते आणि सावकाश खाली उतरते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा ज्यांनी भिंतींवर वाचली आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

याचे मोजमापही झाले आहे. डेव्हनमध्ये २०११ साली एका कुंपणबंद जागेत बीव्हरची जोडी सोडली गेली आणि एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे अनेक वर्षे तिथल्या नोंदी ठेवल्या. जेमतेम १८३ मीटर लांबीच्या ओढ्यावर तेरा डबकी तयार झाली आणि त्यांत सुमारे दहा लाख लिटर पाणी साठले. पावसानंतर खाली जाणाऱ्या लोंढ्याचा जोर सरासरी तीस टक्क्यांनी उतरला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो गाळ: डबक्यांच्या तळाशी शंभर टनांवर गाळ अडकला होता आणि त्यातला सुमारे सत्तर टक्के भाग म्हणजे वरच्या कुरणांची धुपलेली माती होती. जी माती एरवी नदीत गेली असती, ती एका ओढ्यावर एका कुटुंबाने अडवली. हे मुरलेले पाणी आगीतही कामी येते. अमेरिकेच्या पश्चिम भागात वणव्यांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. बीव्हरचे बांध असलेले नदीकाठ आगीतही बऱ्याच अंशी हिरवे राहिले, बांध नसलेल्या काठांवर वनस्पतींची हानी सुमारे तिप्पट झाली. बेडूक, चतुर, बदके येतात ती या सगळ्याच्या मागोमाग.

मग युरोपातल्या नद्या पूर्वी अशा बांधांच्या नव्हत्याच का? होत्या. टोप्यांसाठी बीव्हरची मऊ लव हवी म्हणून युरोपने आधी आपले बीव्हर संपवले, मग उत्तर अमेरिकेत मोर्चा वळवला. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन बे कंपनी याच कातड्यांवर गब्बर झाली. युरोप-आशियाच्या बीव्हरची संख्या विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम बाराशेवर आली होती. प्राणी गेला तसे बांध फुटले, दलदली आटल्या, ओढे खोल खोल खणत गेले. दोन काठ आणि मधून वाहणारी एक सुबक धार, हे आपल्या डोळ्यांसमोरचे नदीचे चित्र बऱ्याच अंशी त्या शिकारीनंतरचे आहे. (ओढ्यात जेसीबी घालून सरळसोट चर काढण्याला जलसंधारण म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.)

आक्षेप खोटे नाहीत. शेतात पाणी शिरते, निचऱ्याचे पाट तुंबतात, फळझाडे आडवी होतात. स्कॉटलंडच्या टे नदीच्या खोऱ्यात शेतकरी वैतागले ते उगाच नव्हे. साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो, हेही खरे; पण तेवढ्यासाठी पाणथळ जागा नकोत म्हणायचे, तर जगातली प्रत्येक दलदल बुजवावी लागेल. सर्वांत कडक इशारा दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा आहे. टिएरा डेल फ्यूगो बेटावर अर्जेंटिनाने १९४६ मध्ये कॅनडातून वीस बीव्हर आणून सोडले, पुन्हा त्याच कातड्यांच्या धंद्यासाठी. तिथे त्यांना खाणारे कुणी नव्हते, आणि तिथली झाडे विलो किंवा ॲस्पेनसारखी तोडल्यावर बुंध्यातून फुटणारी नव्हती. बीव्हर लाखाच्या घरात गेले, नदीकाठची रानेच्या राने वाळली. यातून बीव्हर वाईट ठरत नाही. ज्या मातीत त्याच्यासोबत झाडे आणि शिकारी घडले, तिथेच त्याचे काम उपकारक ठरते. इंग्लंड ही तशी भूमी आहे; टिएरा डेल फ्यूगो नव्हती आणि भारतही नाही.

राहतो शेतकऱ्याचा प्रश्न, आणि त्याला उत्तर आहे. बव्हेरियात १९६६ पासून बीव्हर परत आणले गेले. आज तिथे ते वीस हजारांवर आहेत. ठिकठिकाणी प्रशिक्षित सल्लागार आहेत, नुकसानभरपाईचा निधी आहे, पाणी ठरावीक पातळीवर राहावे म्हणून बांधातून पाइप टाकले जातात आणि जिथे कशानेच भागत नाही तिथून प्राणी हलवले किंवा मारलेही जातात. बीव्हरचा बहुतेक उद्योग काठापासून वीसेक मीटरच्या आत चालतो. तेवढी पट्टी नदीसाठी सोडली, तर निम्मे भांडण मिटते. मात्र ती पट्टी शेतकऱ्याने फुकट सोडावी अशी अपेक्षा करणे अन्याय आहे. पूर कमी झाल्याचा फायदा खालच्या गावाला आणि तोटा वरच्या शेताला, तर खालच्यांच्या करातूनच त्याचे पैसे दिले पाहिजेत. बीव्हर सोडण्याच्या प्रत्येक परवान्याला ही रक्कम जोडलेली असावी, आणि ती आधी मिळावी.