खाजकुइलीचा हिशेब

घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात थरथरू लागला, ओळखीची नावे आठवेनाशी झाली, की सल्ल्यांना तोटा राहत नाही. कुणी हळदीचे दूध सांगतो, कुणी ब्राह्मी, कुणी मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलतो. उलट बाजूला या सगळ्याची 'झाडपाला' म्हणून टर उडवणारेही आहेत. दोघांनीही ऐकावी अशी गोष्ट आहे ती आपल्या रानातल्या खाजकुइलीची.

हिच्या शेंगेवरची लूस अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो. आयुर्वेदात हीच कपिकच्छू. हिच्या बियांत लेव्होडोपा असते. गुगेनहाइम या स्विस शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये हे द्रव्य बाकल्यातून वेगळे काढले. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते खाजकुइलीच्या बियांत दाखवून दिले. त्याचा उपयोग कळायला मात्र आणखी दोन तपे जावी लागली.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. बाहेरून दिलेले डोपामाइन मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तिथे त्याचे डोपामाइन होते. १९६१ मध्ये व्हिएन्नात ते टोचून दिल्यावर जखडलेले रुग्ण हालचाल करू लागले. पण मळमळ, उलट्या यांनी रुग्ण हैराण होत. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोट्झियास यांनी मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि उपचार हाती आला. पुढे औषध वाटेतच खर्ची पडू नये म्हणून त्याला कार्बिडोपाची जोड मिळाली.

बँकेत असताना मी निवृत्तिवेतनधारकांच्या सह्या वर्षानुवर्षे ताडून पाहिल्या आहेत. काहींची सही दरसाल बारीक होत जाई आणि अखेर नमुन्याशी जुळेनाशी होई. अक्षर आक्रसत जाणे हे कंपवाताचे एक ठळक लक्षण. स्वतःच्या पैशांसाठी स्वतः सही करता येणे ही म्हातारपणी लहान गोष्ट नव्हे.

मग गोळी कशाला, बियांचे चूर्णच का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे. १९९५ मध्ये भारतातील ६० रुग्णांवर १२ आठवडे असे चूर्ण वापरल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुधारणा दिसली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. २००४ च्या लंडनमधील चाचणीत चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. रुग्ण मात्र आठच. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील सोळा तयार उत्पादने तपासली, तेव्हा एका मात्रेत कुठे २ मिलिग्रॅम लेव्होडोपा निघाले, तर कुठे २४१! गोळ्या चालू असलेल्या माणसाने वर असे चूर्ण घेतले, तर रक्तदाब घसरणे, अंग आपोआप हलणे, भास होणे, काहीही होऊ शकते. गोळ्या एकाएकी बंद करणे तर त्याहून घातक. शिवाय गोळी असो वा चूर्ण, लक्षणे आटोक्यात येतात; रोग थांबत नाही.

स्मृतिभ्रंशाची कथाही अशीच. स्नोड्रॉपसारख्या फुलझाडांतील गॅलँटामाइनला अमेरिकेत २००१ मध्ये अल्झायमर्ससाठी मान्यता मिळाली, कारण ते चाचण्यांत उतरले. जिंको तीन हजारांहून अधिक वृद्धांना कित्येक वर्षे देऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही, हे २००८ मध्ये दिसले. आपल्या हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारसे उतरतच नाही; अल्झायमर्सच्या ३६ रुग्णांवरील २०१२ च्या अमेरिकन चाचणीत त्याचा गुण दिसला नाही.

हे ऐकून वाईट वाटते खरे. पण याच हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते आपल्या संतापामुळे नव्हे. सीएसआयआरने जुने लेखी पुरावे मांडले म्हणून. तीच शिस्त औषधालाही हवी. २०१४ पासून आपल्याकडे स्वतंत्र आयुष मंत्रालय आहे. खाजकुइलीसारख्या वनस्पतींच्या मोठ्या, तुलनात्मक चाचण्या आपणच कराव्यात. गोळीचा खर्च न झेपणाऱ्या घरांना त्यातून खरोखर आधार मिळू शकेल.

तोवर घरच्यांनी एवढे तरी करावे: पुडी देणाऱ्याला विचारावे, यात द्रव्य किती आणि ते कुणी मोजले? आणि ती पुडी मेंदूविकारतज्ज्ञांपासून लपवू नये.