नाव न विचारणारी प्रेमकथा

'मुंबई-पुणे-मुंबई' हा सतीश राजवाडे यांचा सिनेमा २०१० साली आला. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी ही दोनच प्रमुख पात्रं, एक दिवस आणि पुण्याचे रस्ते, एवढ्याच भांडवलावर तो उभा आहे. भव्य सेट नाही, खलनायक नाही, परदेशातली गाणी नाहीत. मुंबईची मुलगी घरच्यांच्या आग्रहाखातर पुण्यात स्थळ बघायला येते, तीही नकार द्यायचा हे ठरवूनच. वाटेत एक पुणेकर भेटतो आणि दिवसभर दोघं भांडत-बोलत हिंडतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही.

कमी खर्चातला सिनेमा म्हणून याचं मोठं बळ संवादांत आहे. माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात एक अनुभव नेहमी येतो. साधनं तुटपुंजी असली की काय अत्यावश्यक आहे आणि काय नुसती सजावट आहे, ते लवकर कळतं. इथंही तसंच झालंय. पैशानं जे दाखवता येत नव्हतं, ते दोन चांगल्या कलाकारांच्या बोलण्यातून उभं केलं.

दुसरं बळ म्हणजे मुलीचा नकार. तो हा सिनेमा गंभीरपणे घेतो. आपल्याकडे निकाहात मुलीची संमती ही अट आहे. पण किती घरांत तिला वेळेवर विचारलं जातं? पैगाम येतो, मोठी माणसं बोलतात, तारीख ठरते, मंडप पडतो आणि मग वकील आणि गवाह तिच्यासमोर येऊन बसतात. त्या क्षणी 'नाही' म्हणायला जागा तरी कुठं उरलेली असते? दोन माणसांना एकमेकांशी मोकळं बोलायला पूर्ण एक दिवस मिळावा, ही या सिनेमातली साधी गोष्ट आपल्या अनेक घरांत अजून चैनच मानली जाते.

आता दोष. मुंबई विरुद्ध पुणे हा विनोद सुरुवातीला हसवतो, पण तो फार ताणलाय. पुणेकर म्हणजे खवचट, मुंबईकर म्हणजे तोऱ्यात, हे ठोकळे कधी कधी माणसांपेक्षा मोठे होतात. दोघांच्या बोलण्यात इतरांना जवळपास जागाच नाही. रिचर्ड लिंकलेटरच्या १९९५ च्या 'बिफोर सनराइज'मध्येही दोघंच एका शहरात हिंडतात, पण वाटेत हात बघणारी बाई भेटते, नदीकाठी कवी भेटतो. इथलं पुणे मात्र एका सुखवस्तू वर्गाचं आहे. धाराशिव, लातूर, बीडहून येऊन एका खोलीत चौघं राहणारी पोरं त्या रस्त्यांवर दिसत नाहीत.

माझा खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. या सिनेमात दोघांना नावंच नाहीत. कल्पना सुंदर आहे, पण ती सगळ्यांना परवडणारी नाही. प्रेक्षकाला नावाची उणीव भासत नाही, कारण दोघं एकाच प्रकारच्या घरातली आहेत हे त्यानं आधीच गृहीत धरलेलं असतं. २०१५ च्या दुसऱ्या भागात नावं कळतात, गौतम प्रधान आणि गौरी देशपांडे. कुणालाच धक्का बसत नाही. आमच्यासारख्यांची गोष्ट नावापासूनच सुरू होते. पुण्यात खोली शोधताना फोनवर सगळं जमतं, नाव सांगितलं की खोली 'कालच गेली' असं ऐकू येतं. उस्मानाबादचं धाराशिव झालेलं ज्यानं पाहिलंय, त्याला नाव ही क्षुल्लक बाब कशी वाटेल? आंतरधर्मीय लग्नांची माहिती घेण्यासाठी राज्य सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये समिती नेमली. तेव्हापासून दोन वेगळ्या नावांचं एकत्र येणं हा सरकारी नोंदीचाही विषय झाला.

मराठी सिनेमात गावाकडचं प्रेम आठवायचं म्हटलं की आधी 'सैराट' आठवतो, आणि तिथं शेवटी रक्त सांडतं. ते दाखवणं गरजेचंच होतं. पण हसतखेळत प्रेम करण्याची मुभा फक्त पुण्या-मुंबईतल्या माणसांनाच का? मुस्लिम पात्र पडद्यावर आलं की ते सोसणारं तरी असतं, नाहीतर सलोख्याचा धडा देणारं. त्यानं नुसतं प्रेमात पडावं, फजिती करून घ्यावी, दखनीत टोमणे मारावेत, एवढं साधं काम त्याला क्वचितच मिळतं.

आमच्या जिल्ह्यात अशा गोष्टीसाठी काय कमी आहे? नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबा आहे, धाराशिवात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस भरतो, बसस्टँडवर तासन्‌तास वाट बघायला लावणारी एसटी आहे. भांडायला आणि प्रेमात पडायला यापेक्षा चांगली जागा कुठली? 'मुंबई-पुणे-मुंबई'नं दाखवून दिलं की मोठं भांडवल नसलं तरी चालतं. आता आपल्या पोरापोरींनी मोबाइल हातात घेऊन अशी एखादी गोष्ट करावी. फक्त त्यातल्या दोघांना नावं असावीत, आणि ती ऐकल्यावरही प्रेक्षकाचं हसू थांबू नये.