हुकूमनामा व अपील

“दावा हरलों, आतां थेट नागपूरच्या हायकोर्टांत जातों,” असें म्हणणारे गृहस्थ आपल्या भंडारा जिल्ह्यांत पुष्कळ आढळतात. निकालपत्र म्हणजे न्यायाधीशांचीं कारणें, हुकूमनामा म्हणजे त्यांची आज्ञा. तालुक्याच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर पहिलें अपील भंडाऱ्यास जिल्हा न्यायालयांत, ३० दिवसांच्या आंत करावें लागतें. नक्कल मिळण्यास लागणारा काळ त्यांत धरीत नाहींत. साक्षीपुराव्याचा फेरविचार मुख्यतः तेथेंच होतो. नागपूर खंडपीठापुढील दुसऱ्या अपिलास ९० दिवस आहेत, परंतु तें कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेंच चालतें. म्हणून निकाल लागतांच नकलेचा अर्ज करावा. विलंबाची क्षमा मागतां येते. ती मिळेलच असें नाहीं, आणि तेवढ्यावर वडिलोपार्जित शेत हातचें जावयाचें.