कबुतर नको, बांध काढ

मायबहिणींनो, पोर चित्रस्पर्धेचा कागद घेऊन घरी आले की आपण म्हणतो, "आधी म्हशीचं बघ." यंदा जरा थांबा. लायन्स क्लबांची शांतता-चित्र स्पर्धा १९८८ पासून चालते. ती ११ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी, आणि भाग घ्यायचा तो शाळेने जवळच्या क्लबामार्फत. विषय दरसाल नवा, पण शांततेचाच. चित्रावर अक्षर नको, आकडा नको, काही चिकटवणे नको. म्हणजे घोषणा लिहून सुटका नाही!

मग पोरे कबुतर काढतात. आमच्या नात्यातल्या सहावीतल्या मुलीनेही तेच काढले होते, आणि तेही मामाने गिरवून दिलेले. मी विचारले, "शांतता तू कुठं पाहिलीस?" दुसऱ्या दिवशी तिने बांध काढला. अलीकडे बाप, पलीकडे चुलता, दोघांनी एकमेकांकडे पाठ केलेली. मधे दोघी चुलतबहिणी एकाच फडक्यातली भाकरी खाताहेत. बापाने चित्र पाहिले, बोलला काही नाही. बाजाराच्या दिवशी रंग मात्र त्यानेच आणले.

आणि हो, जाड पुठ्ठा घेऊ नका. चित्र गुंडाळून पाठवायचे असते.