भायखळ्याचा मतदार कुणाच्या खिशात?

निवडणूक जवळ आली की मुसलमानांच्या ‘एकगठ्ठा’ मतांची चर्चा हमखास सुरू होते. एक बाजू हा आरोप म्हणून बोलते, दुसरी बाजू हीच मतं आपली हक्काची म्हणून गृहीत धरते. दोघांनीही एकदा मुंबईतल्या भायखळा विधानसभा मतदारसंघाचे २००९ ते २०२४ या काळातले निकाल शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा, माझगाव आणि दगडी चाळ असा हा दाटीवाटीचा पट्टा आहे. उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर, कोकणी मुसलमान, गिरणी कामगारांची मराठी कुटुंबं, माझगावचे ख्रिस्ती असे सगळे इथले मतदार. २००८च्या पुनर्रचनेत शेजारचा चिंचपोकळी मतदारसंघ संपला आणि २००४ साली तिथून निवडून आलेल्या अरुण गवळींची दगडी चाळही भायखळ्यात आली.

२००९ मध्ये इथून काँग्रेसचे मधू चव्हाण जिंकले. २०१४ मध्ये सगळ्या आघाड्या मोडल्या. काँग्रेस, भाजप, मनसे, गवळींची अखिल भारतीय सेना अशा अनेकांत मतं विखुरली आणि एमआयएमचे वारिस पठाण २५,३१४ मतं घेऊन आमदार झाले. आघाडी होती अवघी १,३५७ मतांची. २०१९ मध्ये शिवसेनेच्या यामिनी जाधव सुमारे वीस हजारांच्या फरकाने जिंकल्या. पठाण आणि काँग्रेस यांच्या मतांची बेरीज मात्र त्यांच्या मतांपेक्षा जास्त होती. २०२४ मध्ये त्याच जाधव शिंदे गटाकडून उभ्या राहिल्या आणि ठाकरे गटाच्या मनोज जामसुतकर यांनी त्यांचा तीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला.

चार निवडणुका, चार वेगवेगळी चिन्हं. एकगठ्ठा मतांचा हिशोब यात बसतो कुठे?

२०२४चा निकाल तर सहज पचणारा नाही. नागपाडा-मदनपुऱ्यातल्या ज्या घरांनी १९९२-९३च्या दंगली पाहिल्या, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात शिवसेनेविषयी काय लिहिलंय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी मशालीसमोरचं बटण दाबलं. काहींनी याला ‘हृदयपरिवर्तन’ म्हटलं, काहींनी ‘लाचारी’. मला दोन्ही शब्द खोटे वाटतात. या मतदाराने समोरच्या पर्यायांत कमी धोका कुणाकडून आहे याचा हिशोब केला. जुनं विसरून नव्हे, जुनं लक्षात ठेवून. निवडणुकीच्या तोंडावर जाधव यांनी वस्तीत बुरखे वाटले, त्यावर त्यांच्याच मित्रपक्षाने, भाजपने, नाक मुरडलं. मतदाराने दोन्ही पाहिलं आणि आपलं काम केलं.

माझी तक्रार वेगळी आहे. हा हिशोब नेहमी ‘कुणाला पाडायचं’ यावरच थांबतो. ज्याला निवडून दिलं त्याच्याकडून काय घ्यायचं, इथपर्यंत तो पोहोचत नाही.

२०१४ मध्ये ‘आपला माणूस’ सभागृहात गेला. त्यानंतरची सर्वांत गाजलेली बातमी कोणती? २०१६ मध्ये ‘भारत माता की जय’ म्हणण्यास नकार दिल्याने झालेलं निलंबन. ते निलंबन अन्यायाचं होतं, हे माझं आजही मत आहे. पण त्या गदारोळात टेकू लावलेल्या इमारतींचा विषय कुठे होता? सप्टेंबर २०१३ मध्ये माझगावात डॉकयार्ड रोडजवळ पालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ जण गेले. त्या ढिगाऱ्याखाली कोण कुठल्या पक्षाचा मतदार होता, हे कुणी विचारलं नाही. उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास, पागडीच्या भाडेकरूंचे हक्क, संक्रमण शिबिरात गेल्यावर परत येण्याची हमी हे इथल्या हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती सगळ्यांचे प्रश्न आहेत. प्रचारात ते शेवटच्या ओळीत येतात.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न खराच आहे. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात साडेअकरा टक्के मुसलमान, आणि २०२४च्या विधानसभेत २८८ पैकी दहा मुस्लिम आमदार. ज्या पक्षांना आमची मतं हवी आहेत, त्यांनी उमेदवारी देताना हात आखडता का घेतला, हे विचारलंच पाहिजे. ठाकरे गटाचे हारून खान वर्सोव्यातून निवडून आले, म्हणजे ‘मुसलमान उमेदवार निवडून येत नाही’ ही सबब आता चालणार नाही. पण आमदाराचं नाव काय आहे यावरच समाधान मानलं, तर २०१४ ते २०१९चा अनुभव आपण वाया घालवला असं होईल.

म्हणून एक साधी सूचना. पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता प्रत्येक मोहल्ल्याने, प्रत्येक चाळीने आपल्या धोकादायक इमारतींची यादी करावी, ती आमदाराच्या हाती द्यावी आणि दर सहा महिन्यांनी उत्तर मागावं. दगडी चाळीतल्या शेजाऱ्यालाही त्या बैठकीला बोलवावं, कारण त्याच्या छतातूनही पाणी गळतं. भायखळ्याच्या मतदाराने आमदार बदलून दाखवले आहेत. आता निवडून दिलेल्याला कामाला लावून दाखवायचं बाकी आहे.