निसर्ग, निंदण आणि समीक्षक

गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी विभागांच्या चर्चासत्रांत ‘पर्यावरणवादी समीक्षा’ ही संज्ञा चांगलीच रुळली आहे. शोधनिबंधाचा साचाही ठरून गेला आहे. आरंभी तापमानवाढीचा उल्लेख, मध्ये एखाद्या कवितासंग्रहातील झाडापाखरांची मोजदाद आणि अखेरीस ‘मानवाने’ निसर्गाशी केलेल्या द्रोहाबद्दल हळहळ. हा ‘मानव’ कोण, असे विचारण्याचा प्रघात नाही. वऱ्हाडात राहून ही समीक्षा वाचणाऱ्याला मात्र तो प्रश्न टाळता येत नाही. कारण इथे द्रोह करणारा आणि त्याची किंमत मोजणारा हे कधीच एक नव्हते.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व आले. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. कुरणे मोडली, कपाशी वाढली आणि शतक संपता संपता, १८९६-९७ व १८९९-१९०० मध्ये, याच समृद्ध म्हणविल्या गेलेल्या मुलखात माणसे आणि ढोरे भुकेने मेली. लक्ष्मण सत्या यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात कापूस आणि दुष्काळ यांचे हे नाते तपशिलाने उलगडले आहे. आमच्या चर्चासत्रांत त्याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो.

रेल्वे नागपूरला पोचली त्याच वर्षी ‘कॅपिटल’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला, हा योगायोग डाव्या मित्रांना फार आवडतो. भांडवली शेती जमिनीचे सत्त्व लुटते, हे मार्क्सने लीबिगच्या आधारे तिथे सांगितले. जॉन बेलॅमी फॉस्टर यांनी २००० मध्ये त्यावरून ‘चयापचयातील भेगे’चा सिद्धांत उभा केला. सिद्धांत मोलाचा आहे, पण तो जसाच्या तसा आणून काळ्या मातीवर पालथा घालणे ही निव्वळ आळशी वृत्ती होय. गव्हाबरोबर शेताचे नत्र आणि स्फुरद शहरात जाते, हे खरे. कापसाची रुई मात्र जवळजवळ केवळ तंतू. तो हवा, पाणी आणि ऊन यांतून बनतो. मातीचे सत्त्व जाते ते सरकीत. मग वऱ्हाडात भेग पडली कुठे? ती पडली कुरणात, ज्वारीच्या कडब्यात, ढोरांच्या शेणात. ढोर गेले की खत गेले, खत विकत घेणे आले की सावकार आला. हे पाहायचे तर मँचेस्टरच्या आधी गावाच्या ई-क्लास जमिनीकडे पाहावे लागते, आणि इंग्रजी पुस्तकाच्या मराठी सारांशावर निर्वाह करणाऱ्याला ते जमत नाही.

सौंदर्यवादी समीक्षेचा दोष याहून गंभीर आहे. तिच्या लेखी मेळघाट म्हणजे सागवान, धुके आणि वाघ. १९७४ मध्ये तिथे व्याघ्रप्रकल्प झाला. गुल्लरघाट, केलपाणी यांसारख्या गावांतील कोरकू कुटुंबांना पुढे अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आणण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यातील अनेकजण पुन्हा जंगलात परतले. पुनर्वसनात जमीन मिळाली नाही, ही त्यांची तक्रार होती. वनखाते आणि पोलीस यांच्याशी संघर्ष झाला, माणसे जखमी झाली. माणसाविना असलेले रान ही कल्पनाच मुळी सत्तेने घडविलेली आहे, हे रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्येच दाखवून दिले होते. ‘अस्पर्श निसर्ग’ या शब्दप्रयोगावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी एवढे तरी विचारावे, की तो अस्पर्श करण्यासाठी कोणाच्या चुली विझवाव्या लागल्या?

इथवर आमचे डावे वाचक मान डोलावतील. पुढचे उदाहरण त्यांना रुचणार नाही. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदी असलेले, तणनाशक सहन करणारे एचटीबीटी कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले. हा सत्याग्रह कंपनीविरुद्ध नव्हता, सरकारी बंदीविरुद्ध होता. त्याला भांडवलाचे हस्तक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण २०१६ मध्ये कंपनीने स्वतःच मंजुरीचा अर्ज मागे घेतला होता आणि बियाणे कंपनीला वगळून चोरवाटेने शेतोशेती पोचले होते. शेतकऱ्याला ते हवे होते, कारण निंदणाचा खर्च कपाशीच्या भावात बसत नाही. निंदण करते ती मजूर बाई. तणनाशक येते ते तिच्या रोजावर. शेतकरी आणि मजूर बाई या दोघांना एकमेकांसमोर उभे करणारा भाव ठरतो दूर कुठेतरी. ही गाठ न सोडविता ‘देशी बियाणे वाचवा’ म्हणणारी भूमिका मला शहरी हळवेपणाच वाटते. आणि बंदी उठविली की मुक्ती, असे म्हणणाऱ्यांनी २०१७ मध्ये बीटीला न जुमानता बोंडे पोखरणारी गुलाबी अळी आठवावी.

साहित्याच्या वाचनाला याचा उपयोग काय, असे विचारले जाईल. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आपण कौतिकच्या सोशिकतेची शोकांतिका म्हणून शिकवितो. वऱ्हाडी बोलीचे कौतुक करतो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ (२००२) मध्ये शेतकऱ्याची दैना शोधतो. दोन्ही कादंबऱ्या ‘पर्यावरणवादी’ यादीत बसत नाहीत, कारण त्यांत निसर्गवर्णन पुरेसे नाही! वास्तविक राबणारे शरीर, पाऊस, कर्ज आणि जमीन यांचा व्यवहार जिथे मांडला जातो तिथेच पर्यावरणाचा प्रश्न असतो. पाखरांची नावे मोजणाऱ्याला तो सापडणार नाही.

मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून उजाड रान पुन्हा उभे केले. २०१४ मध्ये त्याला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथली सीताफळे बाजारातच विकली जातात, हे मी विसरत नाही. भांडवलाच्या बाहेरचे बेट म्हणून त्या गावाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. फरक एवढाच की काय तोडायचे, काय राखायचे आणि कोणत्या भावाने विकायचे, यात ग्रामसभेचा शब्द चालतो. तिथल्या बैठकांत जे बोलले जाते त्याचा मोठा भाग कोरकूत असतो. ही भाषा मराठीच्या कुळातली नाही. मुंडा शाखेतली आहे. अमरावती-अकोल्याच्या किती मराठी प्राध्यापकांना, प्रस्तुत लेखक धरून, तिच्यातील ‘जंगल’ या शब्दाला काय म्हणतात हे ठाऊक आहे?